सखल शेताची चावी

एप्रिल सरत आला की मला चिखलाचा वास येऊ लागतो. रोह्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी काळा कोट हातावर टाकून उभी असते, आतून कुणाच्या तरी नावाचा पुकारा होतो, आणि मधेच तो वास येतो. खारट, गार, थोडासा कुजका. शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही तो येत नसावा. मीही विचारत नाही. लोकांना असले प्रश्न विचारण्याइतकी मी अजून धीट झालेली नाही.

काल कोर्टासमोरच्या रसवंतीत राज्यशास्त्राचा पेपर देऊन आलेल्या तीन मुली बसल्या होत्या. प्रश्नपत्रिकेची घडी घालून एकीने वारा घ्यायला सुरुवात केली होती.

"तो घटनादुरुस्तीचा प्रश्न लिहिलास? बहुमत असलं तर काहीही बदलता येतं का, तो?"

"लिहिला. पाच ओळी."

"पाचच?"

"नाही म्हणून लिहिलं. नाहीला अजून किती लिहायचं?"

मी रसाचा ग्लास तोंडाला लावला होता, तो ठसका लागून कोटावर सांडला. हसू आवरेना. पाच वर्षांपूर्वी याच दिवसांत याच प्रश्नाने माझा दीड महिना खाल्ला होता. आणि त्याचं उत्तर मला पुस्तकात नव्हे, गुडघाभर चिखलाच्या कडेला उभं राहून मिळालं होतं.

त्या वर्षी माझी एलएलबीची शेवटची परीक्षा होती आणि केंद्र पेणला आलं होतं. घरी अभ्यास होत नसे. बाबांची धाटावच्या कारखान्यात शिफ्ट. रात्रपाळी असली की दिवसा घरात सगळे पावलं न वाजवता चालायचे, आणि मला तर मोठ्याने वाचल्याशिवाय काही डोक्यात शिरत नाही. माणसांसमोर माझा आवाज निघत नाही, पण एकटी असले की मी भिंतीला व्याख्यानं देते. म्हणून आईने मला मामाकडे पाठवलं. मामाचं गाव पेणच्या पलीकडे खाडीला लागून आहे. गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात, दुसऱ्या बाजूला मिठागरात मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, आणि मधे भात कापून गेलेली शेतं. उन्हाने त्यांना अशा भेगा पडलेल्या असतात की कुणीतरी जमिनीवर जाळं पसरून विसरून गेलंय असं वाटावं.

ही शेतं खाडीची आहेत. म्हणजे कधीकाळी तिथे खाडीचंच पाणी होतं. गावातल्या माणसांनी चिखलाचा लांबलचक बांध घालून ते बाहेर ठेवलं आणि आत भात लावला. बांधाला एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी तिथून खाडीत सोडायचं, भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. दाराला साखळी आहे, साखळीला कुलूप, आणि कुलपाची एक चावी. एकच. उन्हाळ्यात गाव बांधाची दुरुस्ती करतं. दीड महिना सगळ्या अंगणांत, ओट्यांवर, चपलांवर, दुचाकींच्या चाकांवर तो राखाडी चिखल असतो. त्याला गावात 'बांधाचे दिवस' म्हणतात. माझे परीक्षेचे दिवस आणि त्यांचे बांधाचे दिवस त्या वर्षी एकमेकांत मिसळून गेले. अजूनही मला ते वेगळे काढता येत नाहीत.

सकाळी उठून मी गच्चीवर जात असे. पोह्याच्या पापडांसाठी मामी आणि शेजारच्या दोघीतिघी तिथेच बसायच्या. मला वाटायचं, आता वाचन बंद करावं लागणार. पण मामी म्हणाली, "वाच गो बाय. आमचे हात कामात हायत, कान मोकळे हायत." मग मी पाठ फिरवून, कठड्याकडे तोंड करून वाचायला लागले. वाचून झालं की मामी तेलात बुडवलेली लाटी माझ्या तोंडात कोंबायची. तिखट, हिंगाची, कच्च्या पिठाची ती चव आजही घटनेच्या पुस्तकाला चिकटलेली आहे. खरंच चिकटलेली आहे, दोन पानांवर तेलाचे डाग आहेत.

तिथेच मला चांगुणाकाकी भेटली. पन्नाशीची, उंच, उन्हाने रापलेली. सकाळी मिठागरावर काम करायची, दुपारी पापड लाटायला यायची. हसायला लागली की तिचं लाटणं थांबायचं. उघाडीची चावी तिच्याकडे होती. कमरेला, काळ्या दोऱ्यात.

एके दुपारी तिने विचारलं, "काय वाचतेस ते आमच्यात सांग की. इंग्रजी नको."

मला घाम फुटला. मी सगळं इंग्रजीत शिकलेली. मराठीत विचार करते, पण कायदा मराठीत सांगायचा म्हणजे शब्द हातातून मासळीसारखे निसटायला लागतात. तरी सांगितलं. सुरुवातीला कोर्ट म्हणालं, घटना बदलायचा अधिकार संसदेला आहे, काय हवं ते बदला. मग जमिनीच्या कायद्यांवरून वाजायला लागलं. कोर्टाने अडवायचं, संसदेने घटनेत बदल करून वाट काढायची. पुढे कोर्टाने स्वतःचंच मत फिरवलं आणि सांगितलं, लोकांच्या मूलभूत हक्कांना हात लावायचा नाही. संसदेने दुरुस्ती करून म्हटलं, लावणार. शेवटी तेरा न्यायाधीश एकत्र बसले आणि निकाल दिला की, काहीही बदला, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही.

"तेराच्या तेरा असंच बोलले?" मामीने विचारलं.

"नाही. सात एका बाजूला, सहा एका बाजूला."

लाटणी थांबली. चांगुणाकाकी माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे तिथं पण हातच मोजतात?"

"हो."

"आणि एखादा तापाने पडला असता त्या दिवशी, तर?" मामी म्हणाली.

सगळ्या इतक्या हसल्या की खालून मामा ओरडला, काय झालं म्हणून. मीही हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच मोठ्याने. मग काकीने पीठ मळता मळता हळूच विचारलं, "चौकट कुठली ते त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्यांचं त्यांनीच ठरवलं. अजूनही ठरवतात."

"मग त्यांच्यावर कोण?"

याला पुस्तकात दोन पानं होती आणि उत्तर नव्हतं. मी खरं ते सांगितलं. काकी म्हणाली, "बरं झालं. सगळं पुस्तकातच असतं तर तुला काय काम राहिलं असतं?"

तिला हे विचारायचं कारण होतं, ते मला रात्री जेवताना कळलं. मामा बांध आणि शेतं सांभाळणाऱ्या गावच्या खार समितीचा प्रमुख होता. गावात सतरा घरं. बांधाचे नियम एका वहीत लिहिलेले, आणि दर उन्हाळ्यात सभा भरवून हात वर करून ते बदलता यायचे. मामाला आत कोळंबी करायची होती. त्यासाठी भात झाल्यावर उघाडी उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. पण नियम असा की ज्या घराचं शेत सगळ्यांत सखल, चावी त्या घरी, आणि ते घर हो म्हणेल तरच दार उघडायचं. सखल शेत चांगुणाकाकीचं. ती नाही म्हणत होती.

"अकरा घरं आमच्या बाजूने हायत," मामा ताट पुढे सरकवत म्हणाला. "सभेत नियमच बदलायचा. चावी समितीकडे घ्यायची. बाय, तू वकील होतेस, तू तो ठराव नीट लिहून दे. कायद्याच्या भाषेत."

मी मान हलवली. हो की नाही, ते मामाला कळलं नाही. मलाही नाही. मी त्याच्या घरी राहत होते, त्याच्याच ताटात जेवत होते. मामीने माझ्याकडे बघितलं आणि वालाच्या बिरड्याचा आणखी एक डाव वाढला.

दुसऱ्या दिवशी मी काकीबरोबर तिच्या शेतापर्यंत चालत गेले. ती भेगांवर अनवाणी चालत होती. "इथं एक हिवाळा खारं पाणी उभं राहिलं ना, की तीन वर्षं भात नाय," ती म्हणाली. "बाकीच्यांच्यातनं पाणी उतरतं, माझ्यातच साचतं. मिठागरात दिवसभर मीठच करते मी. शेतात पण मीठच केलं तर खाऊ काय?" आणि स्वतःच हसली. एवढं सगळं जाण्याची वेळ आलेली आणि ही हसते कशी, हे मला कळेना. ठरावाचा कागद माझ्या पुस्तकात कोराच राहिला.

सभा बांधावरच भरली, संध्याकाळच्या उन्हात. सगळ्यांचे पाय चिखलाने भरलेले, कुणी कलिंगडाच्या फोडी फिरवत होतं. मामाने माझ्या हातात वही दिली. "ठराव मी तोंडीच मांडतो. तू आधी नियम वाच."

इथे माझी एक चूक झाली. दरवर्षी वाचणारा माणूस पहिलं पान भराभरा वाचतो, वही मिटतो आणि सगळे कलिंगडाकडे वळतात. ही पद्धत मला कुणी सांगितली नव्हती. माझं मराठी वाचन म्हणजे बैलगाडी. अक्षर तिरपं असेल तर बैलही लंगडा. मी प्रत्येक शब्दावर थांबत, मान वर न करता वाचत गेले. पहिलं पान संपलं, मी उलटलं. दुसरं संपलं, उलटलं. कुणी थांब म्हणेना आणि मला थांबायचं कसं ते कळेना.

त्यामुळे गावाने पहिल्यांदाच अख्खी वही ऐकली. रोज घरटी एक माणूस बांधावर यावा, हा पहिला नियम, आणि प्रत्येक नियमाखाली त्यात पुढे झालेले बदल. पोरं कंपन्यांत लागली, शिफ्ट सुरू झाल्या. वादांचा निवाडा करणारे गावचे पंच म्हणाले, नियम तो नियम. पुढच्या सभेने हात वर करून तो बदलला आणि माणसांऐवजी पोकलेन आणायला मुभा दिली. बायकांचा हात मोजायचा नाही, असं एका सभेने बहुमताने ठरवलं होतं. पंचांनी ते फेटाळलं: चिखल वाहायला बायका चालतात, तर मोजायलाही चालतील. हे वाचल्यावर मामी "व्हय!" अशी ओरडली, इतकी जोरात की माझी ओळ हरवली. कुठे पंच चुकलेले, सभेने सुधारलेलं. कुठे सभा चुकलेली, पंचांनी धरून ठेवलेलं. मला वाटत होतं, हे मी वाचलंय. या वहीत नाही, माझ्याच पुस्तकात, तेलाच्या डागांच्या पानांवर.

आणि शेवटचं पान. कधीतरी सभेने बहुमताने दार उघडलं होतं, बांध फुटून खांड, म्हणजे मोठं भगदाड, पडली होती, सगळ्यांत खाली असलेलं शेत बुडालं होतं. त्यावर पंचांनी लिहिलं होतं: बाकी सर्व नियम सभेने खुशाल बदलावेत. सखल घराच्या होकाराचा नियम सभेला बदलता येणार नाही. सखल कोण, हे दर पाच वर्षांनी उधाणाच्या पाण्याने ठरवावे. खाली अंगठे आणि सह्या. बुडालेल्या शेताच्या मालकाचं नाव वाचलं तेव्हा मामाने कलिंगडाची फोड खाली ठेवली. ते त्याच्या वडिलांचं नाव होतं. म्हणजे पहिली चावी मामाच्याच घरात होती. पुढे खांडीतून आलेल्या गाळाने ते शेत उंचावलं आणि चावी काकीच्या सासऱ्यांकडे गेली. त्यानंतर पाण्याने ठरवायचं सगळे विसरूनच गेले.

मामा गप्प बसणाऱ्यांतला नाही. "ते पंच कधीच गेले," तो म्हणाला. "मेलेल्या माणसांनी आपले हात का म्हणून बांधायचे? आज आपण हाय ना इथं?"

खरं सांगायचं तर मला हे पटलं. पुस्तकात याच मुद्द्यापाशी मी तीन दिवस अडकले होते. कधीकाळच्या लोकांनी आजच्यांना का अडवावं?

चांगुणाकाकीने बसल्या जागी बांधावर हात थापटला. "हा बांध पण मेलेल्यांनीच घातलाय. काढतोस?"

मग एकदम सगळेच बोलायला लागले. त्या गोंगाटात मला माझाच आवाज ऐकू आला. "पाण्याने ठरवायचं राहिलंय," मी म्हणत होते. "आधी ते करायला हवं. वहीत आहे."

सतरा घरं माझ्याकडे वळली. माझे कान गरम झाले. मामी म्हणाली, "उद्या अमावास्या. दुपारी उधाण हाय. सोडा पाणी."

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं गाव बांधावर. डोक्यावर टॉवेल, छत्र्या, कुणाच्या हातात सरबत. डोलवीहून शिफ्ट बुडवून दोघे आले होते. चांगुणाकाकीने कुलूप काढलं आणि दार चार बोटं उचललं. खाडीचं पाणी आत शिरलं, तपकिरी, चमकणारं, हळूहळू. भेगांत उतरताना त्याचा तहानेल्या माणसासारखा आवाज येत होता. सगळे त्याच्याबरोबर बांधावरून चालायला लागले. एखादं लग्नाचं वऱ्हाड चालावं तसे, थट्टा करत, एकमेकांना ढकलत. पाणी काकीच्या शेताच्या कोपऱ्याशी आलं. थोडं आत गेलं. थांबलं. आणि मग वळून, बारीकशा उतारावरून, धावत सुटलं ते थेट मामाच्या शेतात. तिथे पसरलं, साचलं, आणि त्यात आभाळ दिसायला लागलं.

"नाय," मामा म्हणाला. "चुकलं कायतरी. परत घ्या."

"पाण्याला परत हात वर करायला सांग!" मामी म्हणाली, आणि तिने हसत हसत माझाच खांदा धरला.

"दोन वर्षांमागं पोकलेन आलेला," काकी कंबरेवर हात ठेवून आठवायला लागली. "पूर्वी माणसं चिखल बाहेरनं, खाडीतनं काढायची. पोकलेनचा हात तिथवर पोचेना. मग 'घ्या माझ्या शेतातनं' असं छाती काढून कोण बोललेला?"

मामाने टॉवेल डोक्यावरून तोंडावर ओढला. गावभर बांध भक्कम करायला त्यानेच मनापासून आपल्या शेतातला चिखल दिला होता. त्यात त्याचं शेत हातभर खाली गेलं होतं, आणि ते त्याच्यासकट कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

काकीने कमरेचा काळा दोरा सोडला आणि चावी मामाच्या तळहातावर ठेवली. "घे भाऊ. दर उधाणाला मी धावत आले इथं, दार बघायला. आता तू धाव." ती इतकी मोकळी हसली की मला वाटलं, या बाईच्या कमरेवरून एक अख्खी खाडी उतरली. तिच्या भाताचं काय होणार, हा प्रश्न संपलाच होता. मामाचं शेत वाचवायचं तर तिचं आपोआप वाचणार होतं.

"मग, कोळंबीचा ठराव मांडतोस?" कुणीतरी विचारलं.

मामाने शेतातल्या पाण्याकडे बघितलं. चावीकडे बघितलं. "घाई कसली हाय," तो म्हणाला. "वहीत काय लिहिलंय, ते जरा बघू की."

चार दिवसांनी पेणच्या परीक्षा केंद्रावर मला तो प्रश्न आला. पंख्याखाली बसून मी इंग्रजीत शिस्तीत उत्तर लिहिलं. बहुमत येतं आणि जातं. आणीबाणीत एका बहुमताने लिहून टाकलं होतं की आमच्या दुरुस्तीला कोर्टात कुणी प्रश्न विचारायचा नाही. लोकांनी ते बहुमत बदललं, नव्याने बरंच मागे घेतलं, उरलेल्यातलं काही कोर्टाने काढलं. कोर्टही चुकतं, कधी फार उशिरा सुधारतं. हे सगळं लिहिलं. लिहिता आलं नाही ते एवढंच, की जमीन हलते. आज उंचावर असलेला माणूस उद्याही उंचावर असेल असं त्याला वाटतं, आणि त्याच भरात तो आपल्याच पायाखालचा चिखल काढून देतो. सखलासाठी केलेला नियम चांगुणाकाकीसाठी कधीच नव्हता. ज्याची पाळी येईल त्याच्यासाठी होता. बाहेर आले तेव्हा मामा दुचाकी घेऊन फाटकाशी उभा होता. शर्टाच्या खिशातून काळा दोरा लोंबत होता.

दोन वर्षांनी कोळंबी झालीही. पण बांधालगतच्या चार शेतांत, आतून वेगळा बांध घालून, मामा आणि चांगुणाकाकी दोघांनी 'हो' म्हटल्यावर. पहिली टोपली मामाने रोह्याला आमच्याकडे पाठवली. बाबांनी शिफ्टवरून येऊन दोनदा भात घेतला.

आज सकाळी व्हरांड्यात असतानाच मामाचा फोन आला. पुकारा व्हायचा होता, म्हणून मी कोपऱ्यात गेले.

"बाय, अमावास्या आली. पाच वर्षं झाली. पाणी सोडायचंय."

"मग सोडा की, मामा. मला कशाला विचारता?"

"नाय, तसं नाय. म्हटलं वहीत आणखी काय हाय का, की एकदा चावी दिली की..."

मागून मामीचा आवाज आला, "खरं सांग तिला! फावडं घेऊन रोज शेतात जातोय! चावी जाऊ नये म्हणून अजून खोल करतोय!" मग काहीतरी झटापट झाली, आणि फोन चांगुणाकाकीच्या हातात गेला असावा. ती हसत होती, त्यामुळे बराच वेळ शब्दच येईनात.

"ये गो बाय लवकर," ती शेवटी म्हणाली. "तुझा मामा घटनेत खड्डा खणतोय."

आतून माझ्या अशिलाच्या नावाचा पुकारा झाला. मी कोट चढवला, आत गेले, आणि आज पहिल्यांदाच कोर्टाने मला "जरा हळू बोला" असं सांगितलं.